आमच्या लॅबची नॉर्मल

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "आपल्याला काही दुखतंखुपतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"सांधे वगैरे?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"आईचे गुडघे दुखतात. पण ते सगळ्यांच्याच आयांचे दुखतात."

"ते वयाचं. ते आपल्यात धरत नाहीत," असं म्हणून सरांनी माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधला आणि रक्त काढलं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं ते सीरम. ते त्यांनी करंगळीच्या पेराएवढ्या दहा कुप्यांमध्ये, म्हणजे व्हायलींमध्ये, भरलं, प्रत्येकीवर काळ्या शाईने इंग्रजी 'एन' लिहिला आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवून दिलं. एन म्हणजे नॉर्मल. वाशीमकडून पुण्यात येऊन मला दहा दिवस झाले होते. शहरात ओळखीचं एक माणूस नव्हतं, डब्याची सोय लागायची होती, भाड्याची खोली बघणारा प्रत्येक घरमालक आधी आडनाव विचारत होता आणि मग विचार करून सांगतो म्हणत होता. अशात कुणीतरी माझ्यावर नॉर्मल असा शिक्का मारला, याचं मला फार बरं वाटलं होतं.

आमच्या लॅबचं काम थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

अँटीबॉडी दिसायला बेचकीसारखी असते. पुढच्या दोन टोकांनी ती बाहेरून आलेल्या जंतूला पकडते आणि मागचा दांडा मोकळा ठेवते. तो दांडा बघून पांढऱ्या पेशी येतात आणि पकडलेल्याचा फडशा पाडतात. स्वतःच्या शरीराला पकडायचं नाही, एवढा एक धडा तिला सुरुवातीलाच दिलेला असतो. काही माणसांत तो धडा कच्चा राहतो आणि मग ही बेचकी आपल्याच कूर्चेला जाऊन चिकटते. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतो तो पांढरा गुळगुळीत थर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात. जे काही पोचायचं ते सांध्यातल्या चिकट पाण्यातून झिरपत झिरपत पोचतं. त्यामुळे अँटीबॉडी तिथे येऊन बसली तरी त्या माणसाला पत्ता लागत नाही. दुखायला लागतं ते नंतर, दांडा धरायला बाकीचे गोळा होतात तेव्हा. चिकटणं आणि दुखणं यांच्यामध्ये कित्येक वर्षं जाऊ शकतात, आणि आमचे सर त्या मधल्या वर्षांच्या मागे लागलेले होते.

कूर्चा बोकडाची घ्यायची. माणसाची घेतली तर तिला त्या माणसाच्या स्वतःच्या अँटीबॉडी आधीच चिकटलेल्या असायची शक्यता. बोकडाच्या कूर्चेतले तंतू माणसाच्या तंतूंशी बऱ्यापैकी जुळतात. म्हणून दर सोमवारी सकाळी मी खडकी बाजारातल्या एका मटणाच्या दुकानातून ताजे गुडघे आणायची. सर पक्के शाकाहारी. पिशवी आली की ते दोन पावलं मागे सरकायचे, पण मागे सरकूनही विचारायचे, "सांधा फोडला नाही ना त्याने?" दुकानदाराला वाटायचं मी सूप करते. "ताई, दर हप्त्याला गुडघेच काय? पाया न्या की, ताकद येईल," तो म्हणायचा. मी पहिल्या वर्षी त्याला खरं सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वर्षी सूप कसं करते ते सांगायला लागले.

त्या कूर्चेचे क्रायोस्टॅटवर, म्हणजे थंड पेटीतल्या कापायच्या यंत्रावर, केसाहून बारीक काप काढायचे. यंत्राचं चाक उजव्या हाताने फिरवायचं आणि निघालेला काप डाव्या हातातल्या कुंचल्याने उचलून काचेवर घ्यायचा. त्यावर हॉस्पिटलमधून आलेलं पेशंटचं सीरम घालायचं, थांबायचं, बफरने, म्हणजे क्षारांच्या पाण्याने, तीनदा धुवायचं, मग हिरवा चमकणारा रंग जोडलेलं रसायन घालायचं, पुन्हा धुवायचं. काळा पडदा लावलेल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की अँटीबॉडी जिथे चिकटली असेल तिथे कूर्चेच्या कडेने हिरवी रेघ दिसते. चिकटली नसेल तर काळोख.

प्रत्येक वेळी पेशंटच्या काचांबरोबर एक काच नॉर्मलची लागते. ती काळी दिसलीच पाहिजे, नाहीतर बाकीच्यांना अर्थ नाही. दरवर्षी माझं ताजं रक्त काढायचं आणि प्रत्येक वर्षाची एक व्हायल न उघडता राखून ठेवायची, हा सरांचा नियम. एका वेळी थेंबभरच लागायचं, उरलेलं पुन्हा गोठवायचं, म्हणून एक व्हायल पाच-सहा आठवडे पुरायची. व्हायल फ्रीझरमधून काढली की मी ती मुठीत धरून वितळवायची. सरांना ते मुळीच पसंत नव्हतं. "अहो, ते सीरम आहे, चिमणीचं पिल्लू नाही. खाली ठेवा," ते म्हणायचे. मी ठेवायची आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा उचलायची.

शेवटी औंधला एका बंगल्याच्या मागच्या अंगाला खोली मिळाली. दारासमोर पेरूचं झाड, पलीकडे भिंत. आठवडाभर लॅबमध्ये "स्लाइड झाल्या," "बफर संपला" एवढं तरी बोलणं व्हायचं. रविवारी तेही नाही. संध्याकाळी एसटीडी बूथवर आईला फोन लावला की आधी घसा खाकरावा लागायचा, कारण दिवसभरात आवाज एकदाही निघालेला नसायचा.

"काहून वो, बिमार हायेस काय? आवाज असा काहून येते?" आई विचारायची.

"थंडी हाय इथं," मी सांगायची. मे महिन्यातही एकदा तेच सांगितलं होतं.

अशी चार वर्षं गेली. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही, मी फक्त तक्रार करणं सोडलं. मग पाचव्या वर्षी घरमालकीणबाईंनी माझ्या खोलीत दुसरी कॉट टाकली आणि त्या कॉटवर अकोल्याची एक मुलगी आली. हिंजवडीत तेव्हा शेतं आणि काचेच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका इमारतीत ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. पावणेआठला कोपऱ्यावर कंपनीची बस यायची आणि ही सात चाळीसला एक बूट शोधत असायची. इंग्रजी, हिंदी, वऱ्हाडी सगळं एका वाक्यात कोंबून बोलायची. मला ती आवडली हे मी पंधरा दिवस तिला कळू दिलं नाही.

औंधला अंबाडीची भाजी मिळेना म्हणून आम्ही दोघी रविवारी बसने मंडईपर्यंत जायचो. परत येऊन ती भाजी आणि बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात करायचो. ती फोडणी जाळायची आणि वर म्हणायची, "अगं, ही चूक नाही, हे फीचर आहे." मी त्या वर्षी तीन किलोंनी वाढले. आईने फोनवर विचारलं, "आवाज मोकळा येते आता?" मी म्हटलं, हो, थंडी गेली.

तिच्या येण्यालाही दोन वर्षं झाली. त्यातल्या दुसऱ्या वर्षभर नॉर्मलची काच धुरकट दिसत होती. काळी होती, पण धुतलेल्या पाटीसारखी. असं झालं की काय करायचं ते ठरलेलं होतं. सीरम अजून पातळ करायचं, नॉर्मल काळी होईपर्यंत, आणि मग पेशंटचंही तेवढंच पातळ करून लावायचं. मी तेच केलं. दोन महिन्यांनी त्या वर्षाचं ताजं रक्त काढलं, तर पुन्हा धुरकट. पुन्हा पातळ केलं. सर काचा बघून म्हणाले, "आपल्याला धुणं जमत नसेल तर सांगा, मी धुण्याला बाई लावतो." मी घरी येऊन चिडून पोळ्या लाटल्या, त्या नकाशासारख्या झाल्या.

त्या पोळ्या खाताना मी रूममेटला सगळं सांगितलं. ती तोंडात घास घेऊनच म्हणाली, "पण तुझा रेफरन्सच गंडला असेल तर? आमच्याकडे एक्स्पेक्टेड रिझल्टच चुकीचा लिहिला ना, की सगळ्या टेस्ट पास होतात. मस्त हिरव्यागार. अँड नोबडी नोज."

"रेफरन्स मी आहे," मी म्हटलं.

ती चावायची थांबली. मग दंड पुढे करून म्हणाली, "माझं घे ना. कम्पेअर तरी कर."

दुसऱ्या दिवशी ती कंपनीची बस सोडून माझ्याबरोबर लॅबमध्ये आली, रक्त दिलं, आणि सुई बघून डोळे मिटताना माझा हात धरला. तेव्हा माझी बोटं दुखली. तशी ती महिनाभर सकाळी दुखत होती. नळाखाली गरम पाण्यात धरली की दहाएक मिनिटांनी मोकळी व्हायची. मी त्याचा दोष क्रायोस्टॅटच्या चाकाला देऊन मोकळी झाले होते. रोज हाच रोग बघणाऱ्या बाईने ही चूक करावी, याला काय म्हणायचं?

दुपारी मी पडदा लावून बसले. पातळ न केलेलं तिचं सीरम एका काचेवर, तसंच माझं दुसरीवर. तिची काच काळीशार. माझ्या काचेवर कूर्चेच्या कडेने हिरवी रेघ होती, सुबक, अखंड. सात वर्षांत मी इतके काप काढले, पण इतका स्वच्छ आलेला क्वचितच पाहिला होता. काय बघतोय हे कळायच्या आधी माझ्या मनात आलं, वा.

मग मी फ्रीझर उघडून राखून ठेवलेल्या माझ्या व्हायली काढल्या. एका जाळीत सात वर्षं ओळीने उभी होती. सगळ्यांचे काप लावले. पहिली चार वर्षं काळी. पाचव्या वर्षी कडेला हिरवी पुसट रेघ. सहाव्या वर्षी तिच्याहून ठळक. सातव्याचं वर सांगितलंच. पाचवं वर्ष म्हणजे ती आली ते, गोळाभाताचं आणि तीन किलोंचं. ज्या वर्षी मला पहिल्यांदा बरं वाटलं, त्याच वर्षी माझ्याच अँटीबॉडी माझ्या कूर्चेवर येऊन बसल्या होत्या. यातून काहीतरी अर्थ काढायचा मला फार मोह झाला. अर्थ काही नाही. अँटीबॉडी कॅलेंडर बघत नाही.

अर्थ होता तो दुसऱ्या गोष्टीला. माझी रेघ दिसेनाशी व्हावी म्हणून मी वर्षभर सगळ्यांचंच सीरम पातळ करत आले होते. ज्या पेशंटची रेघ मुळात फिकी, तिची तर पुसूनच टाकली होती. रजिस्टरमध्ये नमुना क्रमांक एकतीस होता. एका बाईंचा. तीनदा आला होता आणि तीन वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'आढळले नाही.' त्या बाईंना घरी काय ऐकावं लागलं असेल ते मला सांगता आलं असतं. काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे.

तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. रूममेटला सांगितलं, रिझल्ट यायचाय. आईला सांगितलं, थंडी आहे. सरांना सांगितलं तर उत्तर काय येणार हे मला दिसत होतं. दुखरी बोटं घेऊन क्रायोस्टॅटवर काप काढता येत नाहीत, आणि काप काढण्यापलीकडे त्या लॅबला माझा उपयोग नव्हता. लॅब गेली की पुणं गेलं. वाशीमला परत जायचं आणि आईच्या शेजारी गुडघ्यांना तेल लावत बसायचं. मला भीती वाटत होती, हे सरळ लिहायला आता हरकत नाही.

सोमवारी खडकीला गेले. पिशवी बोटांत धरवेना म्हणून कोपरात अडकवली. दुकानदाराने सुरा खाली ठेवला. "ताई, हाताला काय झालं?" त्याने विचारलं. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. सात वर्षं मी त्याला सूपाच्या थापा मारत होते, आणि हे विचारणारा तो पहिला माणूस होता. मी काही नाही म्हटलं आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

लॅबमध्ये पोचल्यावर पिशवी फ्रिजमध्ये ठेवली, काचांचा ट्रे आणि रजिस्टर घेतलं आणि सरांच्या खोलीत गेले. "सर, नॉर्मल नॉर्मल नाही."

"म्हणजे धुतलं नाहीत."

"धुतलं. तीनदा. मी नॉर्मल नाही, सर."

ते ट्रे घेऊन काळ्या पडद्याआड गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा चष्मा हातात होता आणि चेहरा उजळलेला. "पाचव्या वर्षापासून? आणि तेव्हा लक्षण एकही नाही? अहो, हीच तर मधली वर्षं, आपल्याच फ्रीझरमध्ये होती की."

मला त्यांचा असा राग आला की ट्रे जमिनीवर आपटावा. हा माणूस खूष झाला होता. मी तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, आणि चेहऱ्यावरचा तो उजेड हळूहळू गेला.

"आपल्याला दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. कुणाला तरी हे मी पहिल्यांदा सांगत होते.

ते खुर्चीत बसले. मलाही बसायला सांगितलं, हे त्या खोलीत आधी कधी झालं नव्हतं. मग त्यांनी माझ्यासमोरच हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाले, "वर्षभराचे निकाल रद्द धरा. चूक आमच्याकडून झाली आहे." कुणाकडून ते सांगितलं नाही. दुसरा फोन माझ्या औषधासाठी होता. तोही त्यांनी तेवढ्याच कोरड्या आवाजात केला.

वर्षभराचे सगळे नमुने पुन्हा लावायला दिवाळी उजाडली. नवी नॉर्मल म्हणून रूममेटने आणखी रक्त दिलं, चांगल्या वीस व्हायली झाल्या. औषधाने सकाळ थोडी सुसह्य झाली होती. काप मीच काढले, चाक तळहाताने ढकलत. क्रमांक एकतीस लावला त्या दिवशी सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. बाईंची रेघ फिकी होती, पण होती. मी रजिस्टरमध्ये जुन्या तीन नोंदींवर रेघ मारली आणि खाली 'आढळले' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

काम संपल्यावर सर म्हणाले, "प्रत्येक वेळी एक खात्रीची पॉझिटिव्ह काचही लागते. बाहेरून मागवायची म्हणजे कटकट. आपलं चालेल का?" हे विचारताना ते खिडकीबाहेर बघत होते.

"दुखतंखुपतं का ते विचारणार नाही?"

"ते आता आपल्यात धरतो," सर म्हणाले आणि स्वतःच्या हाताने नव्या व्हायलींवर लाल शाईने 'पी' लिहायला बसले. काप काढायला पुढे दुसरी बाई आली. मला त्यांनी काचा वाचायच्या कामावर ठेवलं. त्यासाठी डोळे लागतात, बोटं नाही.

जानेवारीत रूममेटला कंपनीने अमेरिकेला पाठवलं. जाताना म्हणाली, "अगं, माझं ब्लड तर इथेच आहे ना. मी कुठे चाललेय?" पहिले सहा महिने दर रविवारी घरमालकीणबाईंकडे तिचा फोन यायचा. मग महिन्याने. मग ईमेल, मग लग्नाचे फोटो, मग दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना एकदम पाठवलेल्या. तिचा काही दोष नाही. दुसरी कॉट मी घरमालकीणबाईंना उचलायला सांगितली नाही, तिच्यावर कपडे ठेवायला लागले. रविवारी पुन्हा बूथच्या दारात घसा खाकरायची पाळी आली.

सोमवारी मात्र फ्रीझरमधून दोन व्हायली काढायच्या असायच्या, उजव्या मुठीत तिची, डाव्या मुठीत माझी. बोटं पुरती मिटत नव्हती, व्हायल धरण्यापुरती मिटायची. थंडीने सांधे ठणकायचे. सर हटकायचे, "खाली ठेवा ते." मी ठेवायची आणि पुन्हा उचलायची. तिची काच दर वेळी काळी निघायची, आणि मला ते बघून बरं वाटायचं की निदान तिला काही झालेलं नाही.

विसाच्या हळूहळू पाच झाल्या, मग दोन, मग एक. सरांनी नवी नॉर्मल शोधून ठेवली होती. त्या सोमवारी मी तिची शेवटची व्हायल काढली, माझी काढली, आणि खिडकीपाशी स्टुलावर बसले. थोड्या वेळाने दोन्ही वितळल्या. मुठींमध्ये पाणी सुटलं होतं ते मनगटावरून ओघळलं, तरी मला मुठी उघडवेनात. तेवढ्यात सर दारात आले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. मग त्यांनी दार बाहेरून हळूच लोटून घेतलं.